मनगटावरची गाठ

मावशीनं केळीच्या सोपटाची दोरी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "बांध पाहू."

वैशाखातली दुपार होती. आमच्या ओट्यावरून केळीच्या बागा थेट तापीपर्यंत दिसायच्या. त्या दिवशी मात्र बागांच्या पलीकडचं आभाळ मळकट पिवळं झालं होतं, आणि ते मावशीला माझ्याआधी दिसलं होतं. मी नाइलाजानं उठले. दोरीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. बागेकडून एक झुळूक आली. मी श्वास आत घेतला आणि गाठ ओढली.

बसलेली गाठ बोटांना गार लागते, तिच्यात काहीतरी थरथरत असतं. ही नुसतीच सोपटाची गाठ होती. झुळूक माझ्या कानावरून निघून गेली आणि आत जाऊन तिनं कॅलेंडर हलवलं.

"रिकामी," मावशी म्हणाली.

"उकाडा किती आहे. हात घामेजलेत."

"तुह्या मायचे हात कोरडे राहायचे का?"

आमच्या घरातल्या बायका वारा बांधतात. गावातले लोक तोंडावर आम्हाला 'वारेवाल्या' म्हणायचे आणि पाठीमागे चेटकिणी. आई म्हणायची, दोन्ही खरंच आहे, मग रागवायचं कशाला. केळीला खोड असं नसतंच, सोपटावर सोपट गुंडाळलेलं असतं आणि आत सगळं पाणी. पावसाआधी एक जोराचं वादळ आलं की घडासकट उभी बाग आडवी होते. म्हणून आमच्या गावात वादळाची चाहूल लागली की लोक बागांना बांबूचे टेकू लावायचे आणि मग आमच्या दाराशी यायचे. आई आणि सिंधूमावशी बांधावर जाऊन उभ्या राहायच्या. दोरी दोघींनी धरावी लागते, आणि दोघीही एकाच घरच्या लागतात. परक्याच्या हातात टोक दिलं तर गाठ बसत नाही.

श्वास हाच आमचा धंदा, त्यामुळे तो उधळायचा नाही अशी घरात शिस्त होती. आमच्यातल्या बायका चूल फुंकत नाहीत. ते काम अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दिवा हातानं मालवायचा, दूध आपोआप निवू द्यायचं. शाळेत गॅदरिंगला मास्तरांनी माझ्या हातात पिपाणी दिली, तर आई शाळेत येऊन त्यांच्याशी असं भांडली की पुढं मला सगळ्या नाचांत झाडच करत. आता माझी पन्नाशी उलटली, तरी मला फुगा फुगवता येत नाही.

एकच सूट होती. आपल्या माणसाला लागलं, भाजलं, तर त्यावर फुंकर घालता यायची. पण आपलं कोण हे आम्ही ठरवत नाही. फुंकर जाते किंवा जात नाही. शेजारच्या वत्सलाकाकूंचा नातू एकदा चुलीत हात घालून बसला, तेव्हा आईनं त्याचा हात पाण्यात धरला, कोरफड लावली, तो रडत होता म्हणून स्वतःही रडली, पण फुंकर काही गेली नाही. काकू कितीतरी दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या. आई म्हणायची, "तुह्या अण्णाले पहिली फुंकर लग्नानंतर दोन वर्सांनी भेटली. तवलोक ते पाहुणेच होते." अण्णा हे ऐकून दर वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचे.

आई दिवाळीत गेली. आमच्यातली बाई जाते तेव्हा तिचा शेवटचा श्वास तिच्या लेकीनं दोरीत बांधून घ्यायचा असतो. मी घेतला. ती गाठ बसली होती. तेराव्याला नदीवर जाऊन ती सोडायची असते. मी सोडली नाही. दोरी मनगटाला गुंडाळली आणि घरी आले. अंगात ताप असल्यासारखी ती गाठ माझ्या नाडीवर थरथरत राहायची. अंघोळीच्या वेळी मी तो हात दोरीसकट बादलीबाहेर धरायची.

"कुमुद, ज्या हातावर एक श्वास बांधेल असते, त्याले दुसरा वारा येत नाही," मावशी म्हणाली. "हे तुले म्या आज सांगायला पाहिजे का?"

"नाही."

"मंग सोड."

"नंतर."

"नंतर कव्हा? ते आभाळ पाह्य. माह्या एकटीच्यानं होणार आहे का हे? हा खांदा वर जात नाही माहा."

मी मनगट पदराखाली घेतलं. मावशीनं उसासा टाकला. ती रागीट बाई नव्हती. तिनं जोरानं दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तुह्या आजीचा श्वास सोडला तव्हा काय झालं, ठाऊक आहे ना तुले?" ती म्हणाली.

ठाऊक होतं. घरातली आवडती गोष्ट होती ती. आजीचा श्वास सगळ्या लेकीसुनांना ओलांडून सरळ गोठ्यात गेला आणि म्हशीच्या कानात शिरला. जाणारीचं मन ज्याच्यात अडकलेलं असतं, तिथं तो जाऊन येतो आणि मग विरतो. त्यात शब्द नसतात. पण कुठं गेला ते सगळ्यांना दिसतं.

सगळे ही गोष्ट हसत हसत सांगायचे. मला मात्र दिवाळीपासून तिची भीती बसली होती.

मावशीनं दोरी गोळा केली, पायात चपला घातल्या आणि ती बांधाकडे निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "आली तर ये."

ती वळणावर दिसेनाशी झाली, तोच आमच्या कुंपणातून चित्रा आली.

चित्रा भंगाळे. तिच्या वडिलांची बाग आमच्या बागेला लागून होती. शाळेत एका बाकावर, मग कॉलेजला एका एसटीत, आणि मग बागेतल्या पाटाच्या कडेला, जिथं केळीची पानं इतकी दाट होती की दुपारी तिथं हिरवा उजेड पडायचा. तिथं तिनं माझा हात धरला होता आणि मी तो काढून घेतला नव्हता. त्याहून जास्त काही सांगायची गरज नाही. मला ती आवडत होती, आणि आवडत होती म्हणजे काय हे मला स्वच्छ कळत होतं. तेराव्यानंतर मात्र मी तिच्याशी बोलणं बंद केलं होतं. ती दोनदा घरी आली, मी मोरीत जाऊन बसले. पाटाच्या कडेला मी गेलेच नाही.

त्या दिवशी तिनं उजवा हात डाव्या हातात धरला होता. ओढणी रक्तानं भिजली होती.

"मावशी आहे का?" तिनं विचारलं.

"बांधावर गेली. काय झालं?"

"टेकू लावत होते. कोयता घसरला." मग ती जरा थांबून म्हणाली, "मावशीकडेच आले होते. तुला त्रास द्यायला नाही."

मी तिला ओट्यावर बसवलं. तळहात आडवा चिरला होता आणि जखमेत केळीचा चीक गेला होता. तो चीक कपड्याला लागला तर काळा डाग पडतो, जन्मभर निघत नाही. उघड्या जखमेत तो किती झोंबतो हे आमच्याकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. मी पाणी ओतलं. तिनं दात आवळले.

"हळद आणू?"

"नको. आधी बोल."

"चित्रा, वादळ येतंय."

"येऊ दे. पुढच्या आठवड्यात मी जळगावला चालले, नर्सिंगला. हॉस्टेल मिळालंय. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मी काय केलं, एवढं सांग," ती म्हणाली. "तुझी आई गेली. मला तिच्याजवळ बसायला पण कुणी बोलावलं नाही. तू रडत होतीस आणि मी बायकांच्या मागे उभी होते. नंतर तू मला ओळखही दाखवेनास. मी काय केलं?"

"तू काही नाही केलं. मी केलं."

"काय?"

मी खाली बघून सांगितलं, कारण वर बघून जमलं नसतं. "मी आईला सांगितलं. आपलं."

बागेत पानं सळसळायला लागली होती.

"केव्हा?"

"आदल्या संध्याकाळी. ती शुद्धीत होती. माझ्या लग्नाचं काहीतरी बोलायला लागली, मुक्ताईनगरकडचं स्थळ. मी म्हटलं, मला चित्राशिवाय दुसरं कुणी नको. नुसती शेजारीण म्हणून नाही, मैत्रीण म्हणून पण नाही. सगळं सांगितलं."

"माझ्याबद्दल तुझ्या आईला सांगितलंस आणि मला नाही सांगितलंस?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "काय म्हणाली?"

"पाणी दे म्हणाली."

"आणि?"

"मी पाणी दिलं. ती प्यायली, भिंतीकडे तोंड करून झोपली. पहाटे गेली."

चित्रानं माझ्या मनगटाकडे बघितलं. गावात सगळ्यांना वाटत होतं की आईची आठवण सोडवत नाही म्हणून पोरगी दोरी सोडत नाही. तेही खोटं नव्हतं. रात्री ती थरथर कानाशी धरली की मला झोप लागायची. पण खरं कारण मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

"हा सोडला की तो कुठंतरी जाणार," मी म्हणाले. "आणि मला कळणार. तो माझ्याकडे न फिरकता निघून गेला तर? मी तिला शेवटी ते सांगितलं आणि त्यानंच तिचं मन मोडलं असेल तर? आत्ता निदान मला माहीत नाही. माहीत नसताना मी जगू शकते."

"जगतेयस कुठं?" चित्रा म्हणाली. "मोरीत जाऊन बसतेस."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. चित्रानं चांगल्या हातानं माझं डोकं खांद्यावर ओढलं. तिच्या कपड्यांना चिकाचा आणि घामाचा वास होता. इतके महिने मी त्या वासापासून लांब राहिले होते. तो नकोसा झाला असता तर सगळं सोपं होतं. तसा तो झाला नव्हता.

तेवढ्यात वादळ आलं.

आधी धूळ आली, मग आवाज. बागेच्या पश्चिमेकडून पानं फाटल्याचा टरटर आवाज येत होता, आणि त्याच्या मध्ये एक वेगळा, जड आवाज. केळ पडल्याचा. मी बांधाकडे धावले. चित्रा मागून आली. तिला थांब म्हणायला मला सुचलं नाही आणि ती थांबलीही नसती.

मावशी बांधावर एकटी उभी होती. तिनं दोरीचं एक टोक बाभळीला बांधलं होतं आणि दुसरं धरून ती गाठ ओढत होती. दुखरा खांदा छातीपर्यंतही वर येत नव्हता. गाठ बसायची, उसवायची, पुन्हा बसायची. तिचं लुगडं अंगाला चिकटलं होतं, डोळे धुळीनं लाल झाले होते. बांधाखाली गावातली माणसं जमली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आमच्याच बागेची पहिली ओळ डोळ्यांदेखत वाकायला लागली.

मावशीनं बाभळीचं टोक सोडवलं आणि माझ्यापुढे केलं. "धर," ती म्हणाली. नुसतं तेवढंच.

मी टोक धरलं. वारा अंगावर आला. श्वास घेतला, गाठ ओढली. रिकामी. पुन्हा ओढली. रिकामी. मनगटावर मात्र आईची गाठ इतकी थरथरत होती की हात दुखायला लागला.

तेव्हा मला कळलं की मी आईला माझ्यापाशी ठेवलेलं नाही, कोंडून ठेवलेलं आहे. तिला जे सांगितलं त्यावरचं उत्तर मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी तिला जाऊ देत नव्हते. उत्तर काहीही असलं तरी ते तिचं होतं. आणि चित्रा मला आवडते, ते माझं होतं. आई नाही म्हणाली असती तरी ते तसंच राहिलं असतं. ते मी इतके महिने घालवायचा प्रयत्न करून पाहिला होताच की.

मी दातांनी गाठ धरली आणि सोडवली.

वादळात एक श्वास कसा कळेल असं कुणालाही वाटेल. पण कळला. तो कोमट होता आणि सावकाश होता. आजूबाजूची धूळ एका दिशेनं धावत होती आणि त्यातून तो उलट्या दिशेनं आला. माझ्या कपाळावरचे केस मागे सरले, आई तेल लावायच्या आधी सारायची तसे. मी डोळे मिटले. मला वाटलं, एवढं पुरे. एवढं मिळालं तरी मी भरून पावले.

मग तो माझ्यापासून निघाला.

मी डोळे उघडले. तो मावशीकडे वळला नाही. बांधाखाली अण्णा उभे होते, त्यांच्याकडे तो गेला नाही.

"कुमू," मागून चित्रा म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. "तू फुंकतेयस का?"

मी वळले. ती दोन पावलं मागे, चिरलेला तळहात पुढे धरून उभी होती. तिच्या ओढणीचं टोक वादळानं फडफडत होतं, पण तळहातावरची धूळ हळूच बाजूला होत होती. जखमेच्या कडेचं रक्त सुकत होतं. कुणीतरी अगदी जवळून, ओठांचा चंबू करून, दुखू नये अशा बेतानं फुंकर घालत होतं. एकदा घातली. थांबली. परत घातली.

"मी नाही," मी म्हणाले.

"मग कोण?"

चित्राही या गावातलीच होती. आमच्या घरातली फुंकर कुणाला जाते हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटताना मी पाहिलं. तिनं हात मागे घेतला नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हात तसाच धरून उभी होती, थेट शेवटपर्यंत, तो श्वास विरेपर्यंत.

मावशीनं ते सगळं पाहिलं. तिनं पदरानं डोळ्यांतली धूळ पुसली. मग आपल्या हातातलं दोरीचं टोक तिनं चित्राच्या चांगल्या हातात दिलं आणि तिची मूठ वरून दाबली.

"घट्ट धर व पोरी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, वादळापेक्षा मोठ्यानं, "तुह्या अण्णाले दोन वर्सं लागली होती."

बांधाखाली अण्णांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांच्याजवळ वर्तमानपत्र नव्हतं.

मी श्वास घेतला आणि गाठ ओढली. ती बसली. बोटांना गार लागली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चित्रा दचकली, कारण तिच्याही हातात ती थरथर गेली होती. पुढची गाठ, मग त्याच्या पुढची. प्रत्येक गाठीला वारा एक एक पायरी खाली उतरत होता. पश्चिमेकडच्या काही ओळी गेल्या, त्यात आमच्याही होत्या. बाकीचं गाव उभं राहिलं.

दिवे लागायच्या सुमाराला आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. आत मावशी अण्णांना चहा करायला सांगत होती, आणि चित्राला पाहुण्यांचा कप काढू नका, आपल्याच कपात द्या, असंही. माझं मनगट मोकळं होतं. दोरीच्या जागी पांढरट वळ उठला होता आणि मी त्यावरून सारखा अंगठा फिरवत होते. आई आता कुठंच नव्हती. तेराव्याला रडायचं राहिलेलं रडू मी तेव्हा रडले. चित्रा शेजारी बसून राहिली.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "जळगाव एसटीनं दीड तासावर आहे."

"माहीत आहे."

"दर रविवारी येईन. वादळ असलं तर मधेही."

"हं."

ती जरा वेळ बागेकडे बघत बसली. मग तिनं तळहात माझ्यासमोर धरला. जखम कोरडी पडली होती, कडा मिटत आल्या होत्या.

"अजून झोंबतंय," ती म्हणाली.

झोंबत नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. त्या दिवसापर्यंत मी कुणावरही फुंकर घालून पाहिली नव्हती. जाईल की नाही, काही सांगता येत नव्हतं. मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला, वाकले आणि ओठ जवळ नेले.

गेली.